मदत हवी आहे: सेंट लुईसच्या म्यूनीत फुकट सीट्स, सोबत सासू-सासरे

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्याचे, जुलैत लेकीकडे सेंट लुईसला जातोय, सोबत सासू-सासरे. तिथल्या फॉरेस्ट पार्कमधलं म्यूनी, म्हणजे ते ११,००० सीट्सचं उघड्यावरचं म्युझिकल्सचं थिएटर, बघायचंच असं सासऱ्यांनी ठरवलंय. जन्मभर संगीत नाटकं बघितलेला माणूस, म्हणतात इंग्रजी कळो न कळो, गाणं तर कळेल ना!

मागच्या ९ ओळींतल्या साधारण १,५०० सीट्स फुकट असतात, पहिला येईल त्याला, गेट ७ ला उघडतं आणि शो सव्वाआठला, एवढं साइटवर वाचलं. लेकीच्या ऑफिसातल्या दोघांना विचारलं तर ते कायम तिकीट काढून पुढे बसणारे, मागचं त्यांना काही माहीत नाही. तिकीट काढा असं कृपया सांगू नका, सहा जण आहोत आणि डॉलरचा हिशोब सासरेच करतात. लांबून दिसेल का ही काळजी नाही, कमाटी बागेत पक्षी बघायची दुर्बीण नेतोय.

अडचण अशी की सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेत, पायऱ्या हळूहळू चढतात पण रांगेत फार वेळ उभं राहणं जमत नाही, आणि जावई ऑफिसातून गाडी घेऊन बाकीच्यांना आणणार ते साडेसातशिवाय नाही. म्हणून मी आणि लेक मेट्रोने आधी पोचू.

तर मंगळ-बुधवारी किती वाजता रांगेत लागावं, आणि आत गेल्यावर बसमध्ये रुमाल टाकतो तशा आम्ही दोघींनी सहा जागा धरल्या तर चालतं का, की सगळे सोबतच हवेत?