राउटरचे चारही पोर्ट भरले, अजून वायर कुठे लावू?

राउटरला चारच लॅन पोर्ट, टीव्ही, पीसी, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर लावला की संपलं. आता वरच्या खोलीत मुलीचा पीसी आणि माझा ऑफिसचा लॅपटॉप वायरनेच हवाय, वायफाय जिन्यापर्यंतच येतं. मोठा राउटर घ्यावा का?

उत्तर १: राउटर नका बदलू दादा. ८ पोर्टचा साधा अनमॅनेज्ड (सेटिंग नसलेला) गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच, म्हणजे एका केबलची अनेक पोर्ट करणारा डबा, घ्या, प्रिंटर वायफायवर टाकून एक पोर्ट मोकळा करा आणि तिथून एकच केबल वर नेऊन स्विचला लावा, सेटिंग काही नाही, आयपी (नेटवर्कवरचा प्रत्येक यंत्राचा पत्ता) राउटरच देतो. स्विचचा एक पोर्ट त्या केबललाच जातो म्हणजे ७ उरतात.

उत्तर २: १०/१०० लिहिलेला स्विच स्वस्त मिळतो पण १०० एमबीपीएसलाच अडकतो. आणि केबल पूर्ण तांब्याची कॅट ६ च मागा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली सीसीए सर्रास गळ्यात मारतात!

प्रश्नकर्ता: जुना राउटर पडलाय, स्विचऐवजी तो चालेल?

उत्तर १: चालेल की, फक्त त्यातलं डीएचसीपी (आपोआप आयपी वाटायची सोय) बंद करा, त्याला मुख्य राउटरपेक्षा वेगळा आयपी द्या आणि केबल लॅन पोर्टमध्येच लावा. वॅनमध्ये (इंटरनेटची केबल लागते त्या पोर्टमध्ये) लावली की वर वेगळंच नेटवर्क होतं, मग खालून वरचा पीसी दिसत नाही.