पळसाच्या फुलाचं कार्ड: दुसरा थर देताना खालचा रंग निघतो

केशरी_देठ
गुढीपाडव्यासाठी पळसाच्या फुलाची २४ शुभेच्छापत्रं हाताने रंगवायची आहेत. आकार ए-६, म्हणजे ए-५ कागद मधोमध दुमडून. कागद ३०० जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये), कोल्ड प्रेस्ड म्हणजे थोडा खडबडीत, पण कॉटनचा नाही, साधा लाकडाच्या लगद्याचा. जलरंग, विद्यार्थी दर्जाच्या ट्यूबचे. आधी पिवळा, त्यावर केशरी, शेवटी सावलीचा लाल अशी थरांची पद्धत.

तीन अडचणी येताहेत. केशरी देताना खालचा पिवळा उठून ब्रशला लागतो आणि पाकळीवर फिकट चट्टे पडतात. देठाजवळचा काळपट भाग रंगवला की शेजारचं केशरी गढूळ होऊन राहिलं आहे. आणि घडीवर कागदाचे तंतू फुटतात, धार सरळ येत नाही. दोन थरांच्या मध्ये पंख्याखाली साधारण ५ मिनिटं वाळवते. हेअर ड्रायर आहे. कागद बदलावा लागला तरी चालेल, पण सगळी कार्डं कॉटनवर करणं परवडणार नाही.

ओला_ब्रश
पहिली अडचण त्या ५ मिनिटांतच आहे. कागदावरची चकाकी गेली म्हणजे फक्त वरचं पाणी उडालं, आतली ओल तशीच असते. हाताची मागची बाजू रंगवलेल्या जागेवर हलकेच टेकवून बघा. कागद गार लागला तर अजून पाणी उडतं आहे, थांबा. शेजारच्या कोऱ्या भागाइतकाच लागला की पुढचा थर द्या.

पण जलरंग पूर्ण वाळला तरी पक्का होत नाही. तो डिंकात धरलेला असतो आणि डिंक पाणी लागलं की पुन्हा सुटतो. कॉटनच्या कागदात रंग तंतूंत थोडा आत जाऊन बसतो, लगद्याच्या कागदावर बराचसा वरच राहतो. म्हणून तुमच्या कागदावर ब्रश किती वेळा फिरतो याला फार महत्त्व आहे. मऊ केसांचा ६ नंबरचा गोल ब्रश घ्या, तो भरून घ्या आणि पाकळीच्या टोकाकडून देठाकडे एकाच ओढीत या. एखादी जागा सुटली तर सुटू द्या. ती भरायला परत गेलात की चट्टा पडलाच.

दाटपणा असा ठेवा: पहिला थर कोऱ्या चहासारखा, दुसरा दुधासारखा, तिसरा सायीसारखा. पिवळ्यासाठी वाटाण्याएवढ्या रंगात दोन चहाचे चमचे पाणी घ्या, २४ कार्डांना पुरून उरेल. केशरीसुद्धा सगळ्या कार्डांचं एकदमच कालवून झाकणाच्या डबीत ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कालवलेलं केशरी पहिल्याशी जुळत नाही आणि २४ कार्डं शेजारी मांडली की तो फरक लगेच दिसतो. जलरंग वाळल्यावर फिकट होतो, तेव्हा छटा ठरवताना त्याच कागदाच्या कपट्यावर लावून, वाळवून मगच बघा.

कार्ड एकेक पूर्ण करू नका. सगळ्या २४ फुलांना पिवळा देऊन घ्या. शेवटच्याला पोचेपर्यंत पहिलं आपोआप वाळलेलं असेल.

किंशुक_पान
गढूळपणाबद्दल. पळसाच्या फुलाचा निदलपुंज, म्हणजे पाकळ्या ज्यातून निघतात ती मखमली वाटी, काळपट तपकिरी असते. हा रंग बहुतेक जण बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन निळा मिसळून करतात आणि तो बरोबरच आहे. पण निळा हा केशरीचा विरोधी रंग. दोन्ही ओले असताना भेटले की एकमेकांना मारतात आणि राखाडी-तपकिरी चिखल होतो. म्हणून वाटी सगळ्यात शेवटी, पाकळ्या पूर्ण कोरड्या झाल्यावर, २ नंबरच्या ब्रशने. पाकळी आणि वाटी यांच्यामध्ये केसाएवढी कोरी रेघ सोडा. ही रेघ चित्रात खुपत नाही, उलट वाटीच्या कडेवर पडलेल्या उजेडासारखी दिसते.

दुसरं कारण ट्यूबमध्ये असू शकतं. थरांच्या कामाला पारदर्शक रंग लागतात. कॅडमियमचे रंग अपारदर्शक असतात. खालचा पिवळा वरच्या केशरीतून झळकायला हवा, अपारदर्शक रंग त्याला झाकून टाकतो. बऱ्याच ट्यूबवर छोटा चौकोन छापलेला असतो: पोकळ असेल तर रंग पारदर्शक, भरलेला असेल तर अपारदर्शक, तिरकी रेघ असेल तर मधला. चौकोन नसेल तर काळ्या वॉटरप्रूफ पेनाची रेघ मारा, वाळू द्या आणि तिच्यावर रंग ओढा. रेघेवर दुधट पापुद्रा दिसला तर तो रंग वरच्या थरात वापरू नका.

आता फुलाची रचना. पळसाला पाने तीनच हे सगळ्यांना पाठ असतं, पण पाकळ्या पाच असतात हे चित्र काढताना हमखास विसरलं जातं. एक रुंद पाकळी मागे वळलेली, दोन बाजूंना दोन पंख, आणि उरलेल्या दोन जोडल्या जाऊन पोपटाच्या चोचीसारखा बाक झालेला. पळसाचं किंशुक हे संस्कृत नाव त्या चोचीवरूनच आलं, ‘हा पोपट तर नव्हे?’ असं. कार्डावर फूल ओळखू येतं ते या चोचीमुळे. ती गोल काढलीत तर गुलमोहर आणि पळस यांत फरक राहत नाही.

थर असे चढवा. पिवळा सगळ्या पाकळ्यांवर, पण चोचीच्या वरच्या कण्यावर एक बारीक कोरी पट्टी सोडून. पळसाच्या पाकळीवर बाहेरून बारीक रुपेरी लव असते, त्यामुळे तिथे उजेड पांढरट दिसतो आणि तो कोऱ्या कागदानेच दाखवता येतो. मग केशरी, टोकाकडचा साधारण तिसरा हिस्सा पिवळाच ठेवून. त्याची कड कोरडी व्हायच्या आत स्वच्छ, जेमतेम ओलसर ब्रशने एकदा पुसून मऊ करा. लाल फक्त तीन जागी: चोचीच्या खालच्या बाकात, पंख मागच्या पाकळीवर चढतो तिथे, आणि वाटीच्या अगदी वर. चौथा थर देऊ नका. लगद्याचा कागद तेवढं सोसत नाही, पृष्ठभाग लोकरीसारखा उठतो आणि मग तिथे कुठलाच रंग नीट बसत नाही.

फांदीवर पानं काढू नका. पळस फुलतो तेव्हा फांद्या जवळजवळ उघड्या असतात, आणि हे कार्ड बघणाऱ्या विदर्भातल्या माणसाला ते माहीत असतं.

कागदकात्री
घडीचा प्रश्न सोडवण्यापेक्षा टाळा. चित्र आणि कार्ड वेगळं करा. चित्र जलरंगाच्या कागदावर, कार्ड २५० जीएसएमच्या गुळगुळीत कार्डशीटचं, आणि चित्र त्यावर चिकटवायचं. घडी सुबक येते, एखादं चित्र बिघडलं तर अख्खं कार्ड वाया जात नाही, आणि महागडा कागदही कमी लागतो.

हिशोब असा. चित्राचा तुकडा ९.५ × १३.८ सेंमी घ्या, म्हणजे ए-६ वर चारही बाजूंना ५ मिमी पांढरी चौकट राहते. एका ए-४ मध्ये असे ४ तुकडे बसतात आणि भोवती १ सेंमी कड टेपसाठी उरते. २४ चित्रांना ६ ए-४ पुरतात, बिघडतील म्हणून एक जास्त धरा. कार्डशीट १२ ए-४, प्रत्येकीतून दोन. एवढ्याच कागदात काम होत असेल तर ७ ए-४ कॉटनचेसुद्धा बहुधा परवडतील. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कलासाहित्याच्या दुकानात सुटे कागद मागून बघा, पॅडच घ्यायला हवं असं नाही. पाकीट सी-६, ११.४ × १६.२ सेंमी.

ए-४ चारही बाजूंनी मास्किंग टेपने पुठ्ठ्याला ताणून लावा आणि त्यावरच चारही फुलं रंगवा. कापायचं शेवटी, धातूची पट्टी आणि नवीन ब्लेडने. टेप काढताना कागदाला लगटून, बाहेरच्या दिशेने हळू ओढा. कागद ओला असताना काढलात तर वरचा पापुद्रा सोबत येतो.

घडीसाठी आधी कार्डशीटच्या तंतूंची दिशा बघा. कागद न मोडता दोन्ही दिशांनी हलका वाकवा, ज्या दिशेने सहज वाकेल तीच घडीची दिशा. तशी येईल असं बघून ए-४ कापा. मग रिकाम्या रिफिलचा बॉलपेन पट्टीला टेकवून १०.५ सेंमीवर एक खाच ओढा. खाच घडीच्या बाहेरच्या बाजूला यायला हवी आणि मागे उठलेला उंचवटा आत. बरेच जण उलटं दुमडतात, त्याने तंतू ताणले जाऊन फुटतात.

चिकटवायला फेविकॉल नको, त्यातल्या पाण्याने चित्राचा तुकडा वाकतो. दुहेरी टेप चारही कडांना आणि एक पट्टी मधे.

सावलीत_वाळवा
ड्रायरबद्दल थोडं. चकाकी जाईपर्यंत तो लावूच नका, हवेच्या झोताने पाणी एका बाजूला ढकललं जातं आणि रंगाची गडद कड उमटते. नंतर २०-२५ सेंमीवरून, हलवत. ड्रायरने तापलेल्या कागदावर लगेच पुढचा थर दिला तर तो टेकताक्षणी वाळतो आणि ओढ अर्ध्यावर अडकते. एखादा मिनिट गार होऊ द्या.

मार्चअखेरीस नागपुरात दुपारी हवा इतकी कोरडी असते की केशरीची कड मऊ करायला वेळच मिळत नाही. सकाळी लवकर बसा, थर देताना पंखा बंद ठेवा. कूलर निघाला असेल तर त्याच्या झोतात काम करू नका. तिथे हवा दमट असते, त्यामुळे कागद आतून ओला राहतो आणि वरून मात्र कोरडा वाटतो. वाटीभर पाण्यात दोन थेंब ग्लिसरीन टाकलं तर रंग थोडा जास्त वेळ ओला राहतो. त्याहून जास्त टाकू नका, थर चिकट राहून पाकिटाला लागतो.

केशरी_देठ
सगळ्यांचे मनापासून आभार. कार्ड आणि चित्र वेगळं करते. एक राहिलं: खाली ‘गुढीपाडव्याच्या शुभेच्छा’ लिहिताना अक्षरं वरखाली होतात, आणि जेल पेनची शाई केशरी छटेवर फुटते.

कागदकात्री
जेल पेनऐवजी पिगमेंट शाईचा वॉटरप्रूफ फाइनलायनर (बारीक टोकाचा पेन) घ्या, ०.५ मिमी. पेन्सिलची मदतरेघ अक्षरांच्या खाली आखत असाल तर वर आखा. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं, खालच्या रेघेवर उभं राहत नाही. एचबीने एकच पुसट रेघ, अक्षरं तिच्यापासून खाली सोडा, शिरोरेषा सगळ्यात शेवटी, शब्दागणिक तोडून. वेलांटी आणि मात्रेसाठी रेघेच्या वर ५ मिमी, ‘गु’ आणि ‘शु’च्या उकारासाठी अक्षराखाली तेवढीच जागा कोरी ठेवा. शाई १० मिनिटं वाळली की रेघ मऊ खोडरबराने टिपून काढा, घासू नका.