प्रतिसाद: अलिबागचा कुलाबा किल्ला मुलांना घेऊन चालत बघायचा असेल तर

कुलाबा किल्ला समुद्रात आहे, चालत जाता येतं ते ओहोटीलाच. मुलांना घेऊन कधी जावं या प्रश्नावर 'ओहोटी बघून जा' एवढाच सल्ला आला आहे, तो अपुरा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते आणि त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची. अष्टमीला ओहोटी बाराच्या सुमारास येते, पण ती भांगाची, म्हणजे कमी जोराची. पाणी पुरतं उतरत नाही आणि वाटेत गुडघाभर राहू शकतं. त्यापेक्षा द्वितीया ते चतुर्थी धरा, पक्ष कुठलाही चालेल: उधाणाची, म्हणजे मोठी ओहोटी सकाळी आठ-नऊच्या आसपास येते आणि वाट चांगली उघडी पडते. नेमकी वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघा.

ओहोटीच्या तासभर आधी निघा, नंतर तासाभरात परत फिरा. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. तिसऱ्या-चौथ्या तासात जवळजवळ निम्मी भरती येते, आणि मुलं घेऊन अडकायला होतं ते तेव्हाच. शेवाळलेल्या खडकांवर चपला घसरतात, मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात. गाडी ओल्या वाळूत घालू नका, चाकं रुततात आणि खारं पाणी तळाचा पत्रा खातं.

ओहोटी दुपारी येत असेल तर सकाळी जवळचा रेवदंडा किल्ला करा. तिथले पोर्तुगीज अवशेष जमिनीवरच आहेत, ओहोटीची वाट बघावी लागत नाही.