कॉलेजच्या ॲथलेटिक्स संघासाठी मुख्य प्रशिक्षक निवडताना काय पाहावे?

जिमखाना_कार्यवाह

मुंबईच्या उपनगरातील एका महाविद्यालयाच्या जिमखाना समितीचे काम मी पाहतो. आजवर आमचे शारीरिक शिक्षण संचालकच क्रिकेटपासून कॅरमपर्यंत सगळे सांभाळत आले. ॲथलेटिक्सचा संघ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी वर्गावर्गांत सूचना फिरवून जमवलेली मुले. यंदा व्यवस्थापनाने कंत्राटी पद्धतीने स्वतंत्र मुख्य प्रशिक्षक नेमण्यास मान्यता दिली आहे.

छाननीनंतर दोन अर्ज उरले आहेत. एक उमेदवार राष्ट्रीय पदके मिळवलेले माजी धावक आहेत, परंतु त्यांना शिकवण्याचा अनुभव जेमतेम आहे. दुसरे अनेक वर्षे शाळांतील मुलांना तयार करत आले असून मैदानाबाहेर त्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही. समितीचा कल अर्थातच पहिल्यांकडे आहे. मुले-मुली मिळून पस्तीस जण येतील, त्यांत फेकीचे चारच. मानधनाचा काही भाग पदकांशी जोडावा, असाही एक प्रस्ताव आहे. जाणकारांनी मत द्यावे.

जुना_गोळाफेकपटू

मुलाखतीच्या खोलीत प्रशिक्षक कळत नाही. दोघांनाही तीच बारा मुले आणि एक तास देऊन मैदानावर उभे करा, आणि समितीने कडेला बसून पाहावे. अंग मोकळे करून घ्यायला किती वेळ दिला, चुकणाऱ्या मुलाला एका वेळी एकच दुरुस्ती सांगितली की पाच, मागे राहिलेल्या मुलीकडे कोणी गेले का, हे त्या तासात उघड होते.

आमच्या वेळचे प्रशिक्षक उत्तम धावक होते, पण फेकीच्या आम्हा तिघांना ते मैदानाला फेऱ्या मारायला लावून मोकळे होत. मुख्य प्रशिक्षकाला प्रत्येक प्रकार शिकवता आलाच पाहिजे असे नाही; आपल्याला काय येत नाही आणि त्यासाठी कोणाला बोलवायचे, हे मात्र त्याला ठाऊक हवे. मुलाखतीत सहज विचारून पाहा की नवख्या मुलाच्या हातात पहिल्या दिवशी कोणता गोळा देणार. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा असतो, कनिष्ठ गटाचा ६ किलोचा. जो विचार न करता थेट मोठा गोळा देईल, त्याच्या हाती मुलांचे खांदे आणि मनगटे सोपवू नयेत.

नावाचा मोह समजतो. पण १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांचे कांस्यपदक शतांश सेकंदाने हुकले, ती तयारी करून घेणारे ओ. एम. नंबियार स्वतःच्या पदकांसाठी प्रसिद्ध नव्हते. १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत ते होते.

धावणारीची_आई

मुलीच्या नडगीचे हाड ताणाने चिरले, तेव्हा तिच्या प्रशिक्षकांचे म्हणणे होते की ती कारणे सांगते आहे. तीन महिने गेले. म्हणून दोन्ही उमेदवारांना एवढेच विचारा की मुलीने दुखते असे सांगितले, किंवा तिची पाळी काही महिने आली नाही, तर तुम्ही काय कराल. डॉक्टरांकडे पाठवून सराव कमी करीन, असे उत्तर ताबडतोब आले नाही तर पुढे विचारायचे काही उरत नाही.

अकरावी-बारावीच्या मुली अठरा वर्षांखालच्या असतात, हेही समितीने लक्षात ठेवावे. मागील संस्थांकडे फोन करून चौकशी करावी. अर्जाला जोडलेल्या शिफारसपत्रांवर विसंबू नये. पहाटेच्या सरावासाठी मुलगी विरार किंवा अंबरनाथहून येणार असेल, तर ती किती वाजता उठते याचे भान असलेला माणूस मला पदकवाल्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

शारीरिक_शिक्षण_शिक्षक

अर्जावर ‘एनआयएस’ (पतियाळ्याची राष्ट्रीय क्रीडा संस्था) लिहिलेले असेल तर प्रमाणपत्र उघडून पाहावे. तेथील एक वर्षाची पदविका वेगळी आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम वेगळा. अर्जात दोन्ही एकाच तीन अक्षरांत मावतात.

मानधन पदकांशी जोडण्यास माझा ठाम विरोध आहे. तसे केले की प्रशिक्षक तयार खेळाडूंना प्रवेश मिळवून देण्याच्या मागे लागतो, नवी मुले कडेला बसतात आणि दुखावलेल्या पायाला पट्टी बांधून मुलाला रिलेत उतरवले जाते. त्यातूनच पुढे कोणीतरी दिलेली पावडर मुलाच्या बाटलीत पडते, आणि उत्तेजक चाचणीत दोष सापडला तर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. त्याऐवजी वर्षाअखेर किती मुले सरावाला टिकली आणि किती जणांनी स्वतःची वेळ किंवा अंतर सुधारले, यावर मूल्यमापन करावे.

कराराची तारीख हा दुर्लक्षित मुद्दा आहे. बरीच महाविद्यालये प्रवेश आटोपल्यावर, ऑगस्टच्या सुमारास प्रशिक्षक नेमतात आणि हिवाळ्यात पदकांची अपेक्षा करतात. प्रत्यक्षात पायाभरणी जून ते सप्टेंबरमध्येच होते, आणि नेमका तोच आपला पावसाळा. मैदानात चिखल असताना जिना, सभागृह आणि व्यायामशाळा यांच्या आधारे चार महिने कसे काढणार, याचा लेखी आराखडा दोघांकडूनही मागवा. सिंथेटिक ट्रॅकसाठी मरीन लाइन्सचे विद्यापीठाचे मैदान, प्रियदर्शिनी पार्क किंवा कांदिवलीचे साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्र यांपैकी कोठे जायचे, तेथील परवानगी आणि शुल्क कोण पाहणार, हे करारात आधीच लिहावे. तसेच तुमच्या विद्यमान संचालकांशी प्रशिक्षकांचे नाते काय, प्रवेशिकेवर सही कोणाची, हेही स्पष्ट असू द्या. अर्धी भांडणे तेथेच होतात.

जिमखाना_कार्यवाह

सर्वांचे आभार. येत्या रविवारी दोन्ही उमेदवारांना एकेक तास सराव घेण्यास बोलावण्याचे समितीने मान्य केले आहे. पावसाळ्याचा आराखडा मागितल्यावर शाळेत शिकवणाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी हाताने लिहिलेली चार पाने आणून दिली. माजी धावकांनी मुदत मागितली आहे, ती दिली आहे. पदकांशी जोडलेल्या मानधनाचा विषय मात्र अजून विषयपत्रिकेवर कायम आहे, कारण तो कोषाध्यक्षांनी मांडलेला आहे. वरचा परिच्छेद छापून त्यांच्यापुढे ठेवतो.