शब्दचर्चा: डेंड्राइटची एक्साइटेबिलिटी, मराठीत काय म्हणायचं?

वडगावकर: बेळगावात मराठी माध्यमाच्या दहावीच्या पोरांसाठी मेंदूवर व्याख्यान लिहितोय. डेंड्राइट म्हणजे चेतापेशीची फांदी, वृक्षिका. तिच्या एक्साइटेबिलिटीला 'वृक्षिकेची उत्तेजनक्षमता' लिहिलं, तर आमची ही म्हणते, मागच्या बाकांवर खसखस पिकणार. दुसरा शब्द सुचवा.

निपाणीची लेक: 'ग्रहणक्षमता' घाला की. वृक्षिका निरोप घेते, अक्षतंतू, म्हणजे पेशीचा लांब धागा, तो पुढं धाडतो. शाळेत हेच शिकलो.

वडगावकर: तिथंच अडतंय की हो. वृक्षिका नुसती घेणारी नव्हे. तिच्या पटलात सोडियमचे, कॅल्शियमचे विद्युतभारित कण आत सोडणाऱ्या वाहिन्या असतात. एकाच फांदीवर जवळजवळ, एका वेळी पुरेसे निरोप आले, तर ती फांदी स्वतःच स्पंद, म्हणजे विजेचा छोटा झटका, काढते. तेवढेच निरोप पांगून आले तर बहुधा नाही. शिवाय 1994 साली स्टुअर्ट आणि साकमान या शास्त्रज्ञांनी उंदराच्या मेंदूत दाखवलं, की अक्षतंतूशी उठलेला स्पंद उलटा वृक्षिकेतही शिरतो. मग 'ग्रहण' कसं म्हणू?

खानापुरी: 'चेतनक्षमता'. चेतापेशी, चेतवणे, धातू एकच. आमची आज्जी 'चूल चेतव' म्हणायची. फाटी ओली असली की धुमसत राहायची, भडका नाही. पोटॅशियमच्या वाहिन्या तेच करतात ना?

वडगावकर: हां, त्या स्पंद दाबतात. पण सगळं तेवढ्यावर नाही. एनएमडीए ग्राही म्हणून निरोप घेणारं एक दार असतं, त्यात मॅग्नेशियम अडकून बसलेलं असतं, विद्युतदाब बदलल्याशिवाय हलत नाही.

व्याकरणवेडा: चेतना म्हणजे शुद्ध. 'चेतनक्षमता' वाचून भूल उतरल्यासारखं वाटेल. 'उत्तेजन' उत्तम संस्कृत शब्द, उद् अधिक तिज्, धार लावणे. पोरं हसतील त्याला शब्द काय करणार?

निपाणीची लेक: उत्तेजनार्थ बक्षीस घेताना कुणी हसत नाही, ते बरं!

शहापूरचा: कन्नडात चेतापेशीला 'नरकोश' म्हणतात. पोरगी कन्नड माध्यमात. मोठ्यानं वाचत होती, तर आई आतून ओरडली, "तिन्हीसांजेला नरक कशाला काढतीस गं?"

व्याकरणवेडा: म्हणजे आता मराठीत कन्नडही आणायचं?

शहापूरचा: आणायचं कशाला, आहेच की. घरी अक्का-अण्णा म्हणता, सुपारीला अडकित्ता लावता.

व्याकरणवेडा: अडकित्ता कन्नड? कशावरून?

खानापुरी: अडिके म्हणजे सुपारी. मारुती गल्लीत कुठल्याही पानवाल्याला विचारा.

वडगावकर: मंडळी, व्याख्यान शनिवारी आहे.

व्याकरणवेडा: अडिके ठीक. पण मग 'कित्ता' कुठला?