क्षयरोग रक्तातून येतो का? नात्यातील सोयरिकीआधीची एक शंका

प्रश्न : नवीपेठकर, सोलापूर

नमस्कार. माझे वडील आणि काका एकाच यंत्रमाग कारखान्यात कामाला होते, तेव्हा दोघांनाही क्षयरोग झाला होता. पूर्ण उपचारांनंतर दोघे बरे झाले. आता धाकट्या बहिणीची आमच्या धाकट्या मामेभावाशी सोयरीक जुळवण्याची बोलणी चालू आहेत आणि मामीच्या माहेरची मंडळी ‘यांच्या घराण्यातच क्षय आहे’ असे म्हणू लागली आहेत. दरम्यान थोरल्या मामेभावाच्या तान्ह्या मुलीला क्षयावरील बीसीजी लसीनंतर काखेत गाठ आली आणि पुढे लसीतलेच जंतू यकृतात व हाडांतही सापडले. मामेभावाची पत्नी आमची सख्खी मावसबहीण आहे, हे कळताच डॉक्टरांनी जनुकीय तपासणी सुचवली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का?

उत्तर : बालचिकित्सक

बहुधा नाही. क्षयाचा जंतू शरीरात शिरलेल्या निरोगी माणसांपैकी आयुष्यभरात साधारण ५ ते १० टक्क्यांनाच आजार होतो, आणि कोणाला होणार यात अनुवंशिकतेचा काही वाटा असतो. मात्र तो अनेक जनुकांत विखुरलेला असून त्यावरून कोणा घराण्याचे भाकीत करता येत नाही.

बाळाचे प्रकरण वेगळे आहे. बीसीजीत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात आणि ते सुदृढ बाळाच्या शरीरभर पसरत नाहीत. काखेतील नुसती गाठ अनेक बाळांना येते व तिची काळजी नसते. यकृत आणि हाडे गाठली, तर प्रतिकारशक्तीत जन्मजात उणीव शोधावीच लागते. जंतू गिळणाऱ्या पेशी इंटरल्युकिन-१२ हे संदेशवाहक प्रथिन सोडतात, त्यामुळे लसिका पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) इंटरफेरॉन गॅमा हे दुसरे संदेशवाहक प्रथिन तयार करतात, आणि त्याच्या जोरावर गिळलेले जंतू मारले जातात. या साखळीतील एखादा दुवा जन्मतः तुटलेला असू शकतो. इंटरफेरॉन गॅमाच्या ग्राहीतील, म्हणजे पेशीवर त्याचा संदेश घेणाऱ्या प्रथिनातील, असा दोष १९९६ मध्ये माल्टा आणि ट्युनिशिया येथील कुटुंबांत प्रथम दाखवला गेला. अशा बाळांपैकी काहींना साल्मोनेलाचा संसर्गही वारंवार होतो. कोणता दुवा तुटला आहे हे कळणे उपचारांसाठी आवश्यक असते : इंटरल्युकिनच्या बाजूला दोष असेल, तर बाहेरून दिलेल्या इंटरफेरॉनचा उपयोग होतो, ग्राहीच पूर्णपणे निकामी असेल, तर होत नाही आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो.

उत्तर : अक्कलकोट रोड

वडील आणि काका यांच्याविषयी मला एवढेच म्हणायचे आहे, की एकाच कोंदट शेडमध्ये वर्षानुवर्षे काम करणाऱ्या, एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांना एकच संसर्ग झाला, तर रक्ताकडे बोट दाखवण्याआधी खिडक्या, ताटातले अन्न आणि मधुमेह यांची चौकशी करावी. विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीतही हेच दिसते. तिथे एका घरातील सासू आणि सून दोघींना क्षय होतो, आणि त्यांचे रक्ताचे नाते नसते.

नवीपेठकर : मग बहिणीच्या लग्नाला धोका आहे का?

उत्तर : बालचिकित्सक

असलाच तर तो तुमच्या आजोळचा आहे, ज्या घराण्याला बोल लागतो आहे त्याचा नाही. असे काही दोष मुख्यतः मुलग्यांनाच होतात. पण बाळ मुलगी असल्यामुळे आणि तिचे आईवडील नात्यातले असल्यामुळे दोष अप्रभावी प्रकारचा, म्हणजे दोन्ही पालकांकडून एकेक सदोष प्रत आल्याने झालेला, असण्याची शक्यता जास्त आहे. ती प्रत तुमच्या आजोबांकडून किंवा आजीकडून मामा आणि मावशी या दोघांत उतरली असे धरले, तर तुमच्या आईकडे ती असण्याची शक्यता १/२, बहिणीकडे १/४ आणि धाकट्या मामेभावाकडे १/२ ठरते. दोघेही वाहक, म्हणजे एकच सदोष प्रत असलेले, निघाले, तरच त्यांच्या प्रत्येक अपत्याला १/४ धोका राहील. सगळे गुणले की १/३२, म्हणजे सुमारे तीन टक्के. नात्याबाहेर लग्न झाले, तर हा आकडा नगण्य होतो. मात्र हा हिशेब बाळाचा दोष नक्की होईपर्यंत अंदाजाचाच आहे.

म्हणून आधी बाळाची तपासणी होऊ द्या. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत अशा आजारांचे निदान होते. सदोष जनुक सापडले, तर बहीण आणि मामेभाऊ यांच्या रक्तात नेमके तेवढेच पाहता येईल. तोपर्यंत बोलणी थांबवा. थोरल्या मामेभावाला पुढचे अपत्य झाले, तर त्याची तपासणी होईपर्यंत त्याला बीसीजी देऊ नये, हे प्रसूतिगृहात आधीच लेखी कळवून ठेवा, कारण तिथे ही लस जन्मानंतर लगेच टोचतात.