पाणी ठेवा, पण उंचावर

वर विचारलंय, घरात दोन कुत्री असताना बागेत पक्ष्यांसाठी पाणी ठेवावं का. जरूर ठेवा. मातीचं पसरट, उथळ भांडं घ्या आणि कठड्यावर किंवा फांदीला टांगून ठेवा. जमिनीवर ठेवलंत तर पहिला मान कुत्र्यांचाच! आमचा मोत्या तर त्यात पुढचे दोन्ही पाय घालून उभा राहतो. एका परीनं त्याचंही बरोबर आहे म्हणा, कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांतून, बाकी सगळी मदार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. पाणी मात्र रोज बदला, नाहीतर डासांची सोय होते.

चैत्रात बाग साफ करायची हुक्की येते, तेव्हा जरा दमानं घ्या. शेवग्याची वाळकी फांदी तोडायच्या आधी तिच्यावर गोल भोक दिसतंय का बघा. तांबट पक्षी अशा मऊ लाकडात घरटं कोरतो. दुपारभर ‘टुक टुक’ चालू असेल तर तो तिथंच कुठंतरी आहे. जास्वंदीला लोंबणारा कोळिष्टकांचा कचरा झटकण्याआधीही नीट पाहा, शिंजीर पक्ष्याचं घरटं हुबेहूब तसंच दिसतं.

आणि धामण निघाली तर आधी कुत्र्यांना घरात घ्या. ती बिनविषारी, उंदीर खाणारी. पण लांबून घोणस की धामण हे ठरवत बसू नका, सर्पमित्राला फोन करा.